बंपरमधला प्लग

अरुणाताई मेश्राम यांच्या जुन्या डिझेल व्हॅनला पुढच्या बंपरमध्ये एक सॉकेट होतं, आणि ते पाहून गल्लीतली माणसं हसायची. "ही काय, इलेक्ट्रिक गाडी?" असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "नाही हो. हिला थंडी वाजते."

खरं तेच होतं. गाडी मुळात फिनलंडची. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीत अरुणाताईंचे पती रामदास मेश्राम यांच्यासोबत काम करणारा एक फिनिश इंजिनियर निवृत्त होऊन आपल्या देशी निघाला, तेव्हा रामदासनी ती त्याच्याकडून घेतली. तिच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये एक हीटर बसवलेला होता. रात्री बंपरच्या सॉकेटला वायर लावायची, वायरचं दुसरं टोक घरातल्या विजेला. हीटर इंजिनातलं पाणी गरम करतो, आणि बाहेर कितीही गारठा असला तरी पहाटे गाडी एका किल्लीत सुरू होते. फिनलंडमध्ये म्हणे ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा त्यासाठी विजेचे खांब असतात. जर्मनीत सहसा कुणाला त्याची गरज पडत नाही. पण मेश्रामांचं घर हायडेलबर्गच्या वर, ओडेनवाल्डच्या डोंगरात होतं, आणि गाडी म्हातारी झाली होती. पारा फार खाली गेला की ती नुसती कण्हायची.

रामदास हार्ट अटॅकने गेले आणि त्यांचा मुलगा उज्ज्वल म्हणाला, "आई, आता ती व्हॅन विकून टाकू." अरुणाताईंनी विकली नाही. मागच्या सीट काढल्या, गॅसची शेगडी बसवली, तळघरातल्या स्वयंपाकघराची सरकारी तपासणी करून घेतली आणि डोंगराखालच्या गावात शनिवारच्या बाजारात एक जागा मिळवली. तिथे त्या नागपूरचे तर्री-पोहे विकायला लागल्या. गरम पोह्यांवर काळ्या चण्यांची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा, शेव आणि लिंबाची फोड. पहिल्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरने घास घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि आणखी एक प्लेट मागितली. त्या दिवशी घरी येताना अरुणाताई गाडीत एकट्याच मोठ्याने हसत होत्या.

त्यांना जर्मनीत येऊन अर्धं आयुष्य झालं होतं. नागपूरला त्या अर्थशास्त्रात एम.ए. झाल्या होत्या, कॉलेजात शिकवायच्या. इथे ती डिग्री कुणी धरली नाही. आधी त्या रामदासची बायको होत्या, मग उज्ज्वलची आई झाल्या. बाजारात मात्र लोक त्यांना फ्राऊ मेश्राम, म्हणजे मेश्रामबाई, म्हणायचे, आणि रांगेत उभे राहायचे.

उज्ज्वलला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. तो हायडेलबर्गच्या एका सॉफ्टवेअर फर्ममध्ये मोठ्या पदावर होता. तो आणि त्याची बायको अपेक्षा वरच्या मजल्यावर राहायचे. "छंद म्हणून घरी कुणाला तरी जेवायला बोलव ना," तो म्हणायचा. "बाजारात कशाला?" अरुणाताई ऐकून घ्यायच्या आणि शुक्रवारी चणे भिजत घालायच्या.

जानेवारीत कडाका पडला. त्या शनिवारी पहाटे त्या बाहेर आल्या, किल्ली फिरवली, तर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा पुन्हा फिरवून बॅटरीही उतरली. उतरून पुढे जाऊन बघतात तर वायरचा प्लग बंपरमधून निघून बर्फात पडलेला. रात्री आपणच नीट दाबला नसेल, असं त्यांना वाटलं. उज्ज्वलची गाडी फर्मची होती. तिच्यात शेगडी आणि गॅसची टाकी घालायला परवानगी नव्हती. पोह्यांचं सामान तसंच पडून राहिलं. बाजारातल्या जागा वाटून देणाऱ्या फ्राऊ ब्रांटना फोन केला, त्या "ठीक आहे" म्हणाल्या, पण तो आवाज ठीक नव्हता.

पुढच्या शुक्रवारी अरुणाताईंनी प्लग दाबला, हलवून पाहिला, पुन्हा दाबला. सकाळी तो पुन्हा बर्फात पडला होता.

या वेळी फ्राऊ ब्रांट स्पष्टच बोलल्या. "फ्राऊ मेश्राम, तुमचे पोहे मला आवडतात. पण तुमच्या जागेसाठी एक मधवाला गेल्या वर्षापासून थांबलाय. पुढच्या शनिवारी तुमची गाडी दिसली नाही, तर ती जागा मला त्याला द्यावी लागेल."

अरुणाताईंनी फोन ठेवला आणि तशाच, पायात बूट घालून, शेजारच्या हेर केसलर यांच्या, म्हणजे केसलरसाहेबांच्या, दारात गेल्या.

हेर केसलर हे ओळीतल्या शेवटच्या घरात एकटे राहणारे निवृत्त सर्व्हेयर. मेश्रामांच्या पायऱ्या आणि गाड्यांची जागा यांच्या मधून सगळ्यांची मिळून एक पायवाट जात होती, आणि अरुणाताईंची वायर त्या पायवाटेवरून जायची. वर रबरी पट्टी टाकली होती, तरी केसलरनी दोनदा येऊन सांगितलं होतं की सार्वजनिक पायवाटेवर वायर टाकणं नियमात बसत नाही, कुणी अडखळून पडेल. तेव्हा संशय दुसऱ्या कुणावर जाणार?

"माझा प्लग तुम्ही काढलात," दार उघडताच अरुणाताई म्हणाल्या. "दोन वेळा. माझा धंदा बुडवायला निघालात तुम्ही!"

केसलर लालबुंद झाले. "मी? तुमच्या गाडीला हात लावला?"

"मग कोण? तक्रार तुमचीच होती."

"तक्रार आहेच! आजही आहे!" ते ओरडले. "पण मी एखाद्या गोष्टीच्या विरोधात असलो, फ्राऊ मेश्राम, तर मी लिहून देतो. खाली सही करतो. अंधारात येऊन प्लग उपटणारा माणूस मी नाही. तुम्ही माझा अपमान केलाय." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अरुणाताई परत आल्या तेव्हा उज्ज्वल जिन्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "जाऊ दे ना आई," तो म्हणाला. "दोन आठवडे झाले, गाडी चालत नाही. कदाचित हा इशाराच असेल, आता थांबावं म्हणून."

"इशारा कसला? माणसाने केलेलं आहे ते," अरुणाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. पण केसलरचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. खोटं बोलणाऱ्या माणसाला असा राग येत नाही.

शुक्रवार आला. रेडिओवर उणे तेराचा अंदाज सांगितला. अरुणाताईंनी दिवेलागणीलाच वायर जोडली, टायमर पहाटेचा लावला आणि तळघरात चणे शिजत ठेवले. तर्रीचं मोठं पातेलं गाडीतच राहिल्याचं आठवलं म्हणून शाल गुंडाळून त्या बाहेर आल्या. व्हॅनच्या पुढे कुणीतरी वाकलं होतं.

"कोण आहे?"

उज्ज्वल सरळ उभा राहिला. अंगात जाड जॅकेट, पायात घरातल्या चपला, हातात प्लग.



"आल्झो... म्हणजे, आई, मी बघायला आलो होतो," तो म्हणाला. "वायर गरम झाली होती. आग लागली असती."

अरुणाताईंनी त्याच्या हातून प्लग घेतला. तो बर्फासारखा गार होता. "टायमर पहाटे लागणार आहे," त्या म्हणाल्या. "यात अजून वीजच आली नाही."

उज्ज्वलने मान खाली घातली.

"काहून काढला?" अरुणाताईंना राग आला की त्यांची नागपुरी आपोआप बाहेर यायची. "अन् तो बी बंपरमधला! दारातला काढला असता तर घरातल्या माणसावर आळ आला असता, नाही का? म्हणून बाहेरचा काढला. मी त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन त्याला चोर ठरवून आली, अन् तू जिन्यात उभा राहून ऐकत होता!"

"मला वाटलं नव्हतं तू त्याच्याकडे जाशील."

"अन् गेल्यावर? तेव्हा तोंड उघडता आलं नाही?"

उज्ज्वलने दोन्ही हात खिशात घातले. मग एकदम बोलायला लागला. "तुला माहीत नाही काय झालं. डिसेंबरमध्ये माझा बॉस तुझ्याकडे खाऊन गेला. सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, उज्ज्वल, तुझी आई फार गोड आहे, पण तिला या वयात थंडीत उभं राहावं लागतं का? लागतं का, आई! दहा माणसं माझ्याकडे बघत होती, जसं काही मी आईला उपाशी ठेवलंय."

"मग तू काय बोलला?"

"काय बोलणार? हसलो."

"तिथे हसला, अन् इथे येऊन प्लग काढला."

"आई, आजोबा नागपूरला इतवारीच्या मालधक्क्यावर पोती वाहायचे. बाबांनी रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला म्हणतात ना सगळे? कशासाठी केला? आपल्या घरातल्या कुणाला पुन्हा रस्त्यावर उभं राहायला लागू नये म्हणूनच ना? आणि तू स्वतः होऊन जाऊन उभी राहतेस. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते यासाठी?"

"बाबासाहेबांनी शिका म्हटलं," अरुणाताई म्हणाल्या. "लाजा म्हटलं नाही."

अरुणाताईंचा आवाज आता खाली आला होता, पण एकेक शब्द वेगळा वाजत होता.

"तुझ्या आजोबांना कुणी ये म्हटलं की जावं लागायचं. नको म्हणायची सोय नव्हती. ओझं वाईट नव्हतं रे, ती सक्ती वाईट होती. मला कुणी बोलावलं नाही तिथे. माझी गाडी, माझी शेगडी, माझी चव. मनात आलं तर जाईन, नाही आलं तर झोपून राहीन. पण ते मी ठरवेन. तू शिकला, मोठा झाला, मला अभिमान आहे. पण तू शिकून एवढंच शिकला असशील की हाताने काम करणाऱ्या आईला लपवून ठेवायचं, तर ज्यांनी आपल्याला लपवून ठेवलं त्यांच्यात अन् तुझ्यात काय फरक राहिला?"

हे लागलं. उज्ज्वलचा चेहरा ताठ झाला. "वीज माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "आणि या घरातून ती वायर जाणार नाही. बास."

म्हणून झाल्यावर बहुधा त्याला स्वतःलाच ते वाईट वाटलं, कारण तो हलला नाही, आईकडे बघत राहिला. अरुणाताईंनी दारातल्या सॉकेटमधून टायमर काढला, वायर कोपर आणि अंगठा यांच्यावर गुंडाळत गुंडाळत गोळा केली, आणि ती बगलेत धरून पायवाटेने चालू लागल्या.

केसलर जेवत होते. ब्रेडचा तुकडा हातात घेऊनच त्यांनी दार उघडलं.

"मी माफी मागायला आले आहे," अरुणाताई म्हणाल्या. "प्लग तुम्ही काढला नव्हता. माझ्या मुलाने काढला."

केसलरनी ब्रेड खाली ठेवला. "तुमच्या मुलाने?"

"हो. मी बाजारात जाऊ नये म्हणून. आणि आता घरातली वीजही देत नाही म्हणतो. तुमच्या गॅरेजच्या भिंतीला बाहेरून एक सॉकेट आहे. माझी गाडी तिथे चार पावलांवर उभी असते. मला आजची रात्र ते हवंय."

केसलर दाराच्या चौकटीत उभे राहून विचार करू लागले. गॅरेज गाड्यांच्या बाजूला, पायवाटेच्या पलीकडे होतं. त्यांनी कोट चढवला, टॉर्च घेतला, बाहेर येऊन भिंतीपासून बंपरपर्यंत प्रकाश फिरवला.

"म्हणजे वायर पायवाटेवरून जाणारच नाही," ते म्हणाले.

"नाही जाणार."

"गेनाऊ. अगदी बरोबर." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "मग माझी हरकत उरत नाही. हे तुम्ही आधीच विचारायला हवं होतं, फ्राऊ मेश्राम."

त्यांनी स्वतः वाकून प्लग लावला, वायर भिंतीलगत नीट सरळ केली. जाता जाता थांबून म्हणाले, "माझा मुलगा दर रविवारी फोनवर मला वृद्धाश्रमांची नावं वाचून दाखवतो. चांगला मुलगा आहे तसा." मग खांदे उडवले आणि आत गेले.

पहाटे अरुणाताई बाहेर आल्या तेव्हा गाड्यांच्या काचांवर दळदार बर्फ जमलं होतं आणि श्वास नाकातच गोठत होता. व्हॅनच्या बॉनेटवर मात्र मधोमध एक ओला काळा डाग होता; तिथलं बर्फ वितळलं होतं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. मग आत बसून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, इतक्या सहज की त्यांना दचकायला झालं.

त्या तर्रीचं पातेलं आणायला वळल्या, तर अपेक्षा ते दोन्ही हातांनी धरून दारातून बाहेर येत होती. डोक्याला लोकरीची टोपी, अंगात उज्ज्वलचंच जॅकेट.

"आई, मागचं दार उघडता का? जड आहे हे."

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर. कांदा चिरायला कुणीतरी लागेल ना."

"त्याला सांगितलंस?"

"झोपलाय. उठल्यावर कळेल." अपेक्षाने पातेलं आत सरकवलं आणि पुढे येऊन बसली. जरा वेळाने, गाडी वळणाला लागल्यावर, म्हणाली, "मला माहीत होतं, आई. पहिल्या शनिवारपासून. मी त्याच्याशी भांडले, पण तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं."

अरुणाताईंनी समोर बघत गिअर बदलला. "पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, "कांदा बारीक चीर. मागे एकदा एक पोरगी मदतीला घेतली होती, तिने कांद्याच्या विटा करून ठेवल्या होत्या."

बाजारात त्यांच्या जागेपाशी मधवाला आपली पेटी घेऊन आधीच उभा होता. व्हॅन चौकात वळताना दिसली तशी फ्राऊ ब्रांटनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि तो पेटी उचलून बाजूला झाला. अरुणाताईंनी दुपारी त्याला एक प्लेट नेऊन दिली. त्याने डोळ्यांतलं पाणी पुसत सगळी संपवली.

उज्ज्वलचा बॉस महिनाभराने पुन्हा आला. लांब कोट, सोबत बायको. प्लेट हातात घेत तो हळुवार आवाजात म्हणाला, "फ्राऊ मेश्राम, एवढ्या थंडीत तुम्हाला उभं राहावं लागतं, मला फार वाईट वाटतं."

मागे रांग होती. अरुणाताई झारा पातेल्याच्या काठावर ठेवून सरळ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या, "लागत नाही. मला राहायचं असतं. तुमच्या भाषेत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत, म्हणून बरं. लिंबू आणखी हवंय?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. बॉसही हसला, जरा उशिरा, आणि लिंबू घेतलं. सोमवारी तो ऑफिसात काय म्हणाला ते अरुणाताईंना कधी कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

घरात बरेच दिवस बोलणं कामापुरतंच राहिलं. उज्ज्वल ताट घ्यायचा, जेवायचा, वर जायचा. केसलरकडे तो एका संध्याकाळी स्वतः गेला आणि बराच वेळ आत होता. परतला तेव्हा कान लाल झाले होते. फेब्रुवारीच्या शेवटी, अजून थंडी होती तेव्हा, तो तळघराच्या दारात येऊन उभा राहिला. अरुणाताई चणे निवडत होत्या.

"आई, आपल्याच सॉकेटला लाव वायर," तो म्हणाला. "मी हात लावणार नाही."

"नको," अरुणाताई म्हणाल्या. "तिथे बरं आहे."

"अजून राग आहे?"

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "राग कमी झालाय. पण जी वीज तू हवी तेव्हा देशील आणि हवी तेव्हा बंद करशील, तिच्यावर माझी गाडी नाही चालणार."

तो खाली बसला आणि परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. दोघांनी मिळून उरलेले चणे निवडले. तो शेवटपर्यंत बसला.

मार्चमध्ये एका रविवारी तिघं एकत्र जेवत होते. अरुणाताईंनी भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "बुधवारच्या बाजारातही जागा मिळाली आहे मला. फ्राऊ ब्रांटनी परवा होकार दिला."

उज्ज्वलने मान वर केली. अपेक्षा ताटात बघत हसू दाबत होती.

"आई, बुधवारी मी घरून काम करतो," तो म्हणाला. "दुपारी मला जेवायला वाढायला कोणीच नसणार मग."

"मग जेवण गरम करून घे," अरुणाताई म्हणाल्या आणि वरणाची वाटी त्याच्याकडे सरकवली.